प्रत्येक गोष्ट तुमच्या खोलीतच का थांबावी?

वाचकाचे पत्र : मी नागपुरातील एका मोठ्या शाळेत दोन वर्षांपासून समुपदेशक आहे. मानसशास्त्रात एम. ए. केल्यावर समुपदेशनाची पदविका घेतली. शाळेत जवळजवळ चौदाशे मुले आहेत आणि मी एकटी. ‘तुमचा तर वर्गच नसतो’ म्हणून आठवड्याला दहा-बारा ऑफ तासिका माझ्याकडे येतात. माझ्या खोलीतच क्रीडासाहित्याचे कपाट आहे, त्यामुळे एखादी मुलगी रडत असतानाही कोणीतरी चेंडू न्यायला आत येतो. वर्गशिक्षक मुलांना ‘याला जरा सरळ करा’ असे सांगून पाठवतात. मुख्याध्यापिकांनी आता समुपदेशनाचे रजिस्टर दर शनिवारी तपासायला मागितले आहे. मागच्या आठवड्यात आठवीतली एक मुलगी आली. मार्चच्या उन्हातही ती पूर्ण बाह्यांचा स्वेटर काढत नाही म्हणून मी विचारले, तेव्हा हातावरच्या खुणा दिसल्या. जखमा तिने स्वतःच केल्या होत्या. ‘मॅडम, माह्या आईले सांगजा नोको,’ एवढेच ती म्हणाली आणि मी तसा शब्द दिला. तेव्हापासून मला झोप नाही. नोकरी सोडून स्वतःचे समुपदेशन केंद्र काढावे का?

सस्नेह नमस्कार.

पत्राच्या शेवटी तुम्ही नोकरीचे विचारले आहे, परंतु माझे उत्तर त्या मुलीपासून सुरू होईल, कारण पत्रातील बाकी सर्व गोष्टी आठ-पंधरा दिवस थांबू शकतात आणि ही थांबू शकत नाही.

तिला दिलेला शब्द तुम्हाला मोडावा लागेल. हे लिहिताना मला जड जाते, कारण असाच शब्द मीही एकदा दिला होता. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी नववीतल्या एका मुलाला मी ‘कोणालाही सांगणार नाही’ असे म्हणून बसले, चार दिवसांनी घाबरून परस्पर त्याच्या वडिलांना फोन केला आणि ती गोष्ट त्याला वडिलांच्याच तोंडून कळली. पुढची दीड वर्षे, म्हणजे तो शाळेत होता तोवर, मी जिन्यात दिसले की तो मागे फिरून दुसऱ्या जिन्याने जात असे. वडिलांना सांगणे चुकीचे नव्हते. पाळता न येणारा शब्द देणे आणि मग त्याच्या पाठीमागे तो मोडणे, या दोन चुका माझ्या होत्या, आणि त्यातली दुसरी तुम्हाला अजून टाळता येण्यासारखी आहे.

म्हणून आईला निरोप धाडण्याआधी मुलीला भेटा. तिला सरळ सांगा की मी तुला जे कबूल केले ते करायला नको होते. तुझ्या जिवाला अपाय होण्यासारखे काही असेल तेव्हा मला गप्प राहता येत नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगायला हवे होते. आईला कळवायचे हे ठरलेले आहे, परंतु कसे कळवायचे, त्या वेळी तू खोलीत असावेस की बाहेर, मी बोलावे की तू बोलावेस आणि मी मदत करावी, तुझ्या मैत्रिणींच्या ज्या गोष्टी तू सांगितल्यास त्या बाजूला ठेवायच्या का, हे सारे आपण दोघी मिळून ठरवू, असेही म्हणा. ती रागावेल, कदाचित रडेल किंवा उठून जाईल. तो राग सोसणे हे तुमच्या कामातच मोडते. मात्र आपल्या नकळत काही ठरवले गेले नाही, हे तिला पुढे आठवेल.

त्याच भेटीत तिला एक प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारा : मरून जावे असे तुझ्या मनात येते का? अनेक समुपदेशक हा प्रश्न टाळतात, कारण विचारल्याने नसलेला विचार मुलाच्या डोक्यात शिरेल अशी भीती त्यांना वाटते. तसे होत नाही. उलट कोणीतरी हे शब्द उच्चारले म्हणून मूल बरेचदा मोकळे होते. स्वतःला इजा करणाऱ्या प्रत्येक मुलाला मरायचे असते असे नाही, असह्य झालेले दुःख क्षणभर तरी उतरावे म्हणूनही मुले तसे करतात, परंतु अशा मुलांना पुढचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हेही तितकेच खरे आहे आणि तो धोका तुम्ही एकटीने तोलायचा नाही. ती ‘हो’ म्हणाली किंवा नुसतीच खाली पाहत राहिली, तर आई येईपर्यंत तिला वर्गात परत पाठवू नका आणि एकटे सोडू नका.

एका परिस्थितीत मात्र आईवडिलांना कळवण्याचा हा क्रम बदलतो. तिच्या त्रासाचे मूळ घरातल्याच कोणा माणसात असेल, तर आधी घरातील सुरक्षित मोठे माणूस कोण, हे तिच्याकडूनच समजून घ्या. त्रास लैंगिक स्वरूपाचा असल्याचे कळले, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. त्यात समुपदेशकाला, मुख्याध्यापकाला किंवा संस्थेला आपली मर्जी चालवता येत नाही, आणि न कळवणे हा कलम 21 खाली गुन्हा आहे. शाळेचे नाव खराब होईल, हा विचार अशा वेळी कोणी बोलून दाखवला तर तो तिथेच थांबवा. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइन तुमच्या टेबलावर लिहिलेली असू द्या.

आता आईविषयी. ती बहुधा घाईघाईने, कामावरून अर्धी सुट्टी टाकून येईल. पहिल्या पाच मिनिटांत ती मुलीवर ओरडेल किंवा ‘आमची पोरगी काय येडी आहे का?’ असे तुम्हालाच विचारेल. आपल्या शहरात ‘मेंटल हॉस्पिटल’ हे शब्द मुलांना दटावण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले आहेत, त्यामुळे मानसोपचार म्हटले की तिच्या डोळ्यांपुढे तेच उंच भिंतींचे आवार उभे राहते. तिला आधी पाणी द्या आणि बोलू द्या. मुलीला बाह्या वर करून हात दाखवायला मुळीच लावू नका. ‘लक्ष वेधून घ्यायला करते’ असे आई म्हणाली, तर लक्ष हवे असणे हीसुद्धा गरजच असते, एवढेच शांतपणे सांगा आणि पुढच्या कामाकडे वळा : मेडिकल किंवा मेयो या शासकीय रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात बाह्यरुग्ण म्हणून दाखवता येते, तिथे मुलीला कोणी कोंडून ठेवत नाही, केसपेपर काढून डॉक्टरांशी बोलायचे असते. मिहानजवळ राहणाऱ्यांना एम्सही आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे शाळा सकाळची होते आणि दवाखान्याची बाह्यरुग्ण वेळही सकाळचीच असते, तेव्हा त्या दिवसाची सुट्टी मुलीला कारण न लिहिता मिळेल एवढी व्यवस्था तुम्ही वर्गशिक्षिकेशी बोलून करा. शक्य झाले तर पहिल्या खेपेला स्वतः सोबत जा. केसपेपरच्या रांगेत ओळखीचे एक माणूस शेजारी असले की कितीतरी आया दुसऱ्यांदाही येतात, हा माझा अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट तातडीची आहे. सत्र संपायला महिना-दीड महिना उरला आहे आणि विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे जिला बोलण्यासाठी फक्त तुमची खोली ठाऊक आहे, तिला जवळजवळ दोन महिने ती खोली मिळणार नाही. त्याआधी तिचे नाते दुसऱ्या कोणाशी तरी जुळलेले असले पाहिजे, मग ते डॉक्टर असोत, मावशी असो किंवा मोठी चुलत बहीण असो. फोनवरून मानसिक आधार देणारी केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर रात्रीअपरात्रीही मराठीत बोलता येते. हा क्रमांक तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर तिच्या हातानेच लिहवून घ्या आणि तुमच्या खोलीत बसून एकदा लावूनही पाहा, म्हणजे पलीकडे माणसाचा आवाज येतो हे तिला ठाऊक होईल.

हे सारे वाचून तुमच्या लक्षात आले असेल की मी वारंवार एकच गोष्ट सांगते आहे. तुमची झोप मुलांच्या दुःखामुळे उडालेली नाही. ते दुःख ऐकण्यासाठीच तुम्ही शिकलात आणि पत्रावरून तुम्ही ते चांगले ऐकता असे दिसते. झोप उडाली आहे ती ऐकलेली प्रत्येक गोष्ट तुमच्यापाशी येऊन थांबते म्हणून. मुलगी तुम्हाला सांगते, वर्गशिक्षक तुमच्याकडे सोपवतात, मुख्याध्यापिका तुम्हाला विचारतात आणि तुमच्यापुढे रस्ता नाही. शाळेतील मानसशास्त्रज्ञाचे निम्मे काम हा पुढचा रस्ता बांधण्याचे असते, आणि ते आपल्याला पदविकेत कोणी शिकवत नाही.

त्या दृष्टीने रजिस्टरचा प्रश्न पाहा. मुख्याध्यापिकांनी ते मागितले म्हणून त्यांच्याविषयी मनात अढी धरू नका. उद्या काही बरेवाईट झाले तर पालक, पत्रकार आणि संस्थाचालक त्यांच्याच दालनात शिरणार आहेत; आपल्या शाळेत काय शिजते आहे हे आपल्याला कळावे, असे त्यांना वाटणे रास्त आहे. त्यांची मागणी रास्त आहे, मात्र त्यांनी निवडलेली वही चुकीची आहे. म्हणून वह्या दोन करा. एकीत तारीख, इयत्ता, वेळ, मूल स्वतः आले की पाठवले गेले आणि पुढे काय ठरले, एवढेच, नावाशिवाय लिहा. ती त्यांना दर शनिवारी खुशाल दाखवा. दुसरीत तुमच्या नोंदी असतील आणि ती तुमच्या कुलपात राहील. त्याच वेळी त्यांना कागदावर लिहून द्या की मुलाच्या जिवाला धोका, मुलावर होणारा अत्याचार किंवा मुलाकडून दुसऱ्याला होऊ शकणारी इजा, यांपैकी काहीही माझ्यासमोर आले तर ते त्याच दिवशी तुमच्या कानावर येईल. ही हमी मिळाल्यावर बहुतेक मुख्याध्यापकांचा रजिस्टरचा आग्रह सुटतो, कारण त्यांना मुलांची गुपिते नको असतात, अचानक कोसळणारे संकट नको असते.

या बोलण्याला आता आधारही आहे. 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी देशभरातील शैक्षणिक संस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा. तातडीच्या प्रसंगी कोणत्या रुग्णालयाकडे आणि कसे न्यायचे याची लेखी कार्यपद्धती असावी. टेलिमानससारखे क्रमांक ठळक अक्षरांत लावावेत. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, असे त्यात आहे. हा कागद मुख्याध्यापिकांपुढे धाक म्हणून ठेवू नका. ‘मॅडम, ही लेखी कार्यपद्धती आपल्याला करायचीच आहे, मी मसुदा तयार करून आणू का?’ असे विचारा. मसुदा जो लिहितो त्याच्या हाती बरेच काही राहते.

‘याला जरा सरळ करा’ या वाक्याचा तुम्हाला राग येतो, आणि माझाही बराच काळ त्या रागातच गेला. पण एक गोष्ट मला नंतर उमगली. आपल्या या विद्येचा उगमच एका शिक्षिकेपासून झाला आहे. 1896 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विद्यापीठात लाइटनर विटमर यांच्याकडे एक शिक्षिका आपल्या विद्यार्थ्याला घेऊन गेली, कारण इतर विषयांत ठीक असलेल्या त्या मुलाला शब्दांचे स्पेलिंग काही केल्या जमत नव्हते. त्या मुलापासून विटमर यांचे मनोचिकित्सालय सुरू झाले. त्या शिक्षिकेच्या मनात प्रश्न होता. आपल्या शिक्षकांच्या मनातही तो असतो, फक्त साठ-पासष्ट मुलांच्या वर्गात उभे राहून तो विचारायला त्यांना सवड नसते, म्हणून तो हुकमासारखा बाहेर पडतो. तुम्ही त्याला पुन्हा प्रश्नाचे रूप द्या. एक अर्ध्या पानाची चिठ्ठी छापून घ्या : तुम्ही काय पाहिले, कोणत्या तासाला, कधीपासून, आणि तुम्ही आतापर्यंत काय करून पाहिले. मूल पाठवताना शिक्षकांनी ही चिठ्ठी भरायची, आणि आठवड्याच्या आत तुम्ही शिक्षक खोलीत जाऊन त्यांना उत्तर द्यायचे. उत्तरात मुलाचे गुपित नसावे, परंतु वर्गात उद्यापासून काय बदलता येईल हे असावे. जो शिक्षक उत्तर मिळाल्याचे अनुभवतो, तो पुढच्या वेळी ‘सरळ करा’ म्हणत नाही.

माझ्याकडे एकदा सातवीतला मुलगा असाच आला होता. आळशी, उद्धट, गृहपाठ करत नाही, अशी त्याची ओळख सांगितली गेली. फळ्यावरचे उतरवून घेताना त्याचे अक्षर मोत्यासारखे येई. मी त्याच्यापुढे मराठीचे पुस्तक उघडले तेव्हा त्याने खिशातून सहा इंची प्लास्टिकची पट्टी काढली आणि ओळीखाली धरली. पट्टीची कड त्याच्या अंगठ्याच्या घामाने ओली झाली होती. ‘शेतकरी’ हा शब्द त्याने तीन वेळा वेगवेगळा वाचला, मग पुस्तक मिटले आणि म्हणाला, ‘मॅडम, वर्गात मी आधीच उद्धटपणा करतो. मग सर वाचायले सांगतच नाही.’ सात वर्षे त्या मुलाने शिक्षा पत्करली, पण वर्गासमोर वाचता न येणे उघडे पडू दिले नाही. अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखनात येणारी अशी अडचण, ही 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांपैकी एक आहे, आणि अशा मुलाला मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात, परंतु त्यासाठी शासकीय रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. तुमच्या चाचणीचा उपयोग शंका ओळखण्यापुरता आहे. निदानाचा अहवाल भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडूनच करून घ्या आणि पालकांनी कितीही आग्रह केला तरी तुमच्या सहीने तो देऊ नका. नागपूरकरांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट इथे सांगते : देशभर मुलांसाठी वापरली जाणारी मालिन बुद्धिमत्ता चाचणी आणि मूल रोजच्या व्यवहारात किती स्वावलंबी आहे हे पाहणाऱ्या व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीचे भारतीय रूपांतर, ही दोन्ही कामे डॉ. मालिन यांनी आपल्याच शहरातील चाइल्ड गाइडन्स सेंटरमध्ये असताना साठच्या दशकात केली. ज्या शहरात हे झाले, तिथल्या शाळांत मुलाचे वाचन सातवीपर्यंत कोणी तपासू नये, याचे मला आजही वाईट वाटते.

ऑफ तासिकांबाबत मी थोडी निराळी भूमिका घेईन. सगळ्या नाकारू नका. आठवड्याला दोन-तीन ठेवून घ्या, कारण वर्गात कोण कोणाशेजारी बसत नाही, कोणाचा डबा रोज बंद राहतो, हे खोलीत बसून दिसत नाही. उरलेल्यांसाठी महिनाभर हिशेब ठेवा : कोणत्या तासिकेमुळे कोणती ठरलेली भेट रद्द झाली, एवढेच, नावांशिवाय. हा कागद तक्रारीपेक्षा जास्त बोलतो.

आणि तुमचे स्वतःचे काय? महिन्यातून एकदा तुम्ही कोणापुढे तरी बसलेच पाहिजे. अनुभवी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मिळाले तर उत्तम; नाही तर शहरातल्या दुसऱ्या शाळांतील तीन-चार समुपदेशक ठरलेल्या शनिवारी एकत्र या, मुलांची नावे आणि शाळा न उच्चारता अडलेल्या गोष्टी एकमेकींपुढे ठेवा. मी अठरा वर्षे अशा एका बैठकीला जात होते. त्या मुलाच्या वडिलांना परस्पर फोन केला तेव्हा ती बैठक नव्हती, असती तर तो फोन मी केला नसता.

आता तुमचा मूळ प्रश्न. स्वतःचे केंद्र काढणे यात काही गैर नाही आणि एके दिवशी तुम्ही ते काढावेही. परंतु तिथे तीच मुले येतील ज्यांच्या पालकांना अडचण दिसली आहे, पटली आहे आणि ज्यांच्या खिशात फी आहे. मार्चच्या उन्हात स्वेटर न काढणारी मुलगी तिथे पोहोचली नसती. ती तुमच्यापर्यंत आली कारण तुमची खोली तिच्या वर्गापासून पन्नास पावलांवर होती. म्हणून तुम्ही स्वतःला जाळून घेत राहावे, असे मी म्हणणार नाही. मुदत ठरवा. दोन वह्या, लेखी कार्यपद्धती, ऑफ तासिकांची मर्यादा आणि दार लावता येईल अशी खोली, या गोष्टी जूनच्या अखेरीस, शाळा उघडताच, लेखी मांडा आणि दिवाळीपर्यंत वाट पाहा. तोवर यांतल्या निम्म्याही झाल्या नाहीत आणि नोंदींची वही अजूनही मागितली जात असेल, तर राजीनामा द्या. अशा जागी राहून तुम्ही मुलांना देत असलेला प्रत्येक शब्द खोटा ठरेल. मात्र या एप्रिलमध्ये सोडू नका. त्या मुलीच्या हातावरच्या खुणा पाहिलेली शाळेतली तुम्ही एकमेव व्यक्ती आहात, आणि सुट्टीआधी ती जबाबदारी दुसऱ्या कोणाच्या तरी हाती नीट दिली जाईपर्यंत ती तुमचीच आहे.

उद्या शाळेत गेल्यावर मात्र एक काम कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता करता येईल. क्रीडाशिक्षकांना विनंती करा आणि दोन शिपाईकाकांच्या मदतीने ते कपाट पहिला तास सुरू होण्यापूर्वी व्हरांड्यात काढून ठेवा. मुलीला दुपारी बोलवा, तेव्हा चेंडू न्यायला कोणी आत येणार नाही.